कॅनडात नवीन आहात आणि ट्रक चालवायचाय? मग सुरुवात अशी करा

कॅनडात आल्या आल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात ट्रकिंग येतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, लायसन्स किती दिवसांत मिळेल? मी त्यांना उलट विचारतो, पहिली कंपनी कोणती धरणार आहात? कारण लायसन्स दोन-चार महिन्यांत हातात येतं, पण माणूस ट्रक शिकतो तो पहिल्या वर्षात, आणि ते वर्ष चुकीच्या ठिकाणी गेलं तर पैसा जातो, रेकॉर्ड खराब होतं, कधी कधी त्याहून फार मोठं काही जातं. म्हणून सगळं क्रमाने सांगतो. नियम प्रांताप्रमाणे वेगळे असतात आणि बदलत राहतात, त्यामुळे पैसे भरायच्या आधी आपल्या प्रांताच्या सरकारी साइटवर एकदा बघाच.

१. आधी कागद

तुमच्याकडे पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) किंवा ओपन वर्क परमिट (कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी) असेल तर प्रश्न नाही. नसेल तर कंपनीला तुमच्यासाठी एलएमआयए, म्हणजे परदेशी माणूस कामाला ठेवायची सरकारी मंजुरी, काढावं लागतं आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. एलएमआयएची सरकारी फी १,००० डॉलर आहे, ती कंपनीनेच भरायची असते आणि तुमच्याकडून वसूल करणं बेकायदेशीर आहे. त्यामुळे कुणी "नोकरी देतो, एवढे हजार डॉलर आणा" म्हणालं, मग तो ओळखीतला असो, गावाकडचा असो, तिथून उठून या. घरच्यांनी जमीन विकून पाठवलेले पैसे असे गेलेले मी पाहिलेत, आणि नंतर तो मुलगा त्याच मालकाकडे मान खाली घालून मिळेल त्या पगारावर राबत होता, कारण परमिट त्या मालकाच्या नावाशी बांधलेलं.

२. लायसन्स

मी ऑन्टारिओचं सांगतो कारण मी इथे आहे. ट्रेलरसाठी लागतं एझेड, म्हणजे क्लास ए आणि एअर ब्रेकचा झेड. त्यासाठी आधी कारचं पूर्ण जी लायसन्स पाहिजे, जी१ किंवा जी२ या त्याआधीच्या शिकाऊ टप्प्यांवर चालत नाही. तिकडचा कार चालवायचा अनुभव इथे धरला जातो, पण त्यासाठी लायसन्स खरं असल्याचं अधिकृत पत्र लागतं, ते निघायच्या आधीच आरटीओतून काढून घ्या, इथे बसून काढायला जीव जातो. मग डोळ्यांची तपासणी, डॉक्टरचा मेडिकल फॉर्म, लेखी परीक्षा, आणि एमईएलटी म्हणजे सक्तीचं प्रशिक्षण, जे ऑन्टारिओत १ जुलै २०१७ पासून आहे, कमीत कमी १०३.५ तास. ब्रिटिश कोलंबियात हेच क्लास १ साठी १४० तास आहे.

एक सल्ला माझ्याकडून, कायद्यात नाही तरी पाळा. ट्रकच्या आधी एक अख्खा हिवाळा कारने काढा. काळा बर्फ दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो, आणि तो काय चीज आहे हे कारमध्ये कळलेलं बरं, ३९,५०० किलोच्या गाडीत नको.

३. शाळा निवडताना

सगळ्यात स्वस्त शाळा शोधू नका. फोन करून विचारा, एका ट्रकमध्ये एका वेळी किती विद्यार्थी बसतात, मला स्वतःला स्टिअरिंगवर किती तास मिळतील, यार्डात रिव्हर्स किती दिवस करून घेता, हायवेवर आणि रात्री नेता का. उत्तर गोलगोल आलं की समजून जा. गिअरचंही विचारा, कारण ऑन्टारिओत जुलै २०२२ पासून ऑटोमॅटिक ट्रकवर टेस्ट दिली तर लायसन्सवर तशी अट पडते आणि मॅन्युअल ट्रक चालवता येत नाही.

हे मी इतकं का सांगतोय? ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचेवानमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोस या ज्युनिअर हॉकी टीमची बस आणि एका ट्रकची धडक झाली, १६ जण गेले, १३ जखमी झाले. ट्रकवाल्याने स्टॉप साइन चुकवली होती. तो आपल्यासारखाच भारतातून आलेला, वयाने तरुण, आणि त्या कामाचा त्याला जेमतेम काही आठवड्यांचा अनुभव. त्याने गुन्हा कबूल केला, ८ वर्षांची शिक्षा झाली. सस्कॅचेवानचं सक्तीचं प्रशिक्षण त्यानंतर २०१९ मध्ये आलं. मी नवीन मुलांना हे सांगतो तेव्हा घाबरवायला सांगत नाही, तर घाईने कुणाच्या हातात ट्रक दिला की त्याची किंमत कोण भरतं हे कळावं म्हणून.

४. पहिली कंपनी

इथे वेळ घ्या. नवीन माणसाला खूप कंपन्या घेत नाहीत कारण त्यांची इन्शुरन्सवाली मंडळी दोन वर्षांचा अनुभव मागतात. मग जी घेईल ती पकडावीशी वाटते. तरीही हे विचारा, सोबत ट्रेनर किती आठवडे असेल, मैलामागे किती सेंट, आणि लोडिंगला चार तास उभं राहिलो तर त्याचे पैसे मिळतात का.

मैलाला दोन सेंट जास्त देणाऱ्यापेक्षा सहा आठवडे ट्रेनर देणारी कंपनी घ्या, असं माझं ठाम मत आहे.

आणि "आधी स्वतःची कंपनी उघडा, मग आम्ही तुम्हाला चेक देऊ" असं म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. याला इथे ड्रायव्हर इंक म्हणतात. ट्रक त्यांचा, काम त्यांचं, वेळ ते ठरवणार, पण कागदावर तुम्ही धंदेवाले. हातात रक्कम मोठी दिसते, पण सुट्टीचे पैसे नाहीत, बेरोजगारी भत्ता नाही, पेन्शनमध्ये कंपनीचा वाटा नाही, आणि वर्षाअखेरीस टॅक्सचं बिल तुमच्या दारात. नोकराला असं कंत्राटदार दाखवणं केंद्राच्या लेबर कोडमध्ये १ जानेवारी २०२१ पासून स्पष्ट मना आहे. पगाराची स्लिप मागा, ती मिळत नसेल तर ती नोकरी नाही.

५. पहिले महिने रस्त्यावर

दिवसाला जास्तीत जास्त १३ तास ड्रायव्हिंग, एकूण काम १४ तास, आणि सलग ८ तासांची विश्रांती. गाडी चालवल्याचे तास ईएलडीमध्ये, म्हणजे ट्रकमधल्या इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रात, आपोआप नोंदतात. डिस्पॅचर, म्हणजे कंपनीत बसून फेऱ्या वाटणारा माणूस, म्हणेल, अजून थोडंच राहिलंय, ओढ ना. ओढू नका. दंड तुमच्या नावावर आणि झोप आल्यावर स्टिअरिंगही तुमच्याच हातात.

निघायच्या आधी गाडीभोवतीची तपासणी खरी करा, नुसती टिक मारू नका. टायर, लाइट, ब्रेक, एअरची गळती. ट्रेलर जोडल्यावर हलकेच ओढून बघा आणि तेवढ्यावर न थांबता टॉर्च घेऊन खाली वाका, फिफ्थ व्हीलचा (ट्रकवरच्या जोडणीच्या प्लेटचा) जबडा किंगपिनभोवती (ट्रेलरखालच्या खिळीभोवती) बंद झालाय का ते डोळ्यांनी बघा. रिव्हर्स घेताना शंका आली की उतरा, मागे जाऊन बघा, परत चढा, दहा वेळा उतरावं लागलं तरी उतरा. मागे उभा राहिलेला हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

डोंगरातला हिवाळा वेगळाच. ब्रिटिश कोलंबियात कोकिहालासारख्या घाटांत १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल जड ट्रकमध्ये चेन ठेवाव्या लागतात, त्या चढवायला घरच्या यार्डात दिवसाउजेडी शिका, उणे वीसमध्ये रात्री शिकणं होत नाही. ऑन्टारिओच्या उत्तरेला ११ आणि १७ नंबरचे हायवे बराच भाग दोन लेनचे आहेत, तिथे ओव्हरटेकची घाई बिलकुल नको.

अमेरिकेत जायचं असेल तर २१ वर्षं पूर्ण हवीत, आणि भारतीय पासपोर्टवर पीआर असला तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. इंग्रजी बोलता आणि पाट्या वाचता आल्या पाहिजेत, जून २०२५ पासून तिथे तपासणीत इंग्रजी जमलं नाही तर ड्रायव्हरला जागेवर थांबवतात. म्हणून इन्स्पेक्टर काय विचारतो, कुठून आलात, माल काय, किती तास झाले, हे मित्राला समोर बसवून इंग्रजीत बोलून घ्या.

वर्षभराने कंपनी सोडाल तेव्हा अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घ्या, त्यात तारखा, ट्रेलरचा प्रकार आणि कुठल्या भागात चालवलं ते लिहून मागा. पुढच्या कंपनीची इन्शुरन्सवाली मंडळी आधी तेच मागतात, आणि भांडून सोडलेल्या मालकाकडून ते नंतर निघत नाही.