बंद पडलेला औद्योगिक पट्टा राहता करायचाय? मग टॉवरचं चित्र आधी बाजूला ठेवा

शहराच्या मधोमध बंद कारखाने, अर्धी रिकामी गोडाऊनं, मध्येच चार-दोन चालू वर्कशॉप असा पट्टा असला की पहिल्याच मीटिंगला कोणीतरी चकाचक टॉवरचं थ्रीडी चित्र घेऊन येतं आणि मग सगळी चर्चा त्या चित्रावरच होते. या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी माती, मग तिथे आज असलेली माणसं, मग नियम, मग रस्ते. इमारती सगळ्यात शेवटी.

मातीपासून सुरू करा कारण बजेट तिथेच फुटतं. जुने नकाशे, कारखान्यांची लायसन्स, जुने कामगार भेटले तर तेही, यावरून डिझेलची टाकी कुठे पुरली होती, प्लेटिंगचे (धातूवर मुलामा चढवायचे) टब कुठे होते, पार्ट धुवायचं सॉल्व्हंट कुठे ओतलं जायचं हे आधी मार्क करा आणि मग तिथे बोअर मारून मातीचे आणि भूजलाचे सॅम्पल घ्या. नुसती ठरावीक अंतरावर भोकं पाडत गेलात तर नेमकी टाकी दोन भोकांच्या मध्ये राहते. ट्रायक्लोरोइथिलीनसारखी सॉल्व्हंटं पाण्यापेक्षा जड, ती खोल जाऊन बसतात आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांची वाफ स्लॅबच्या फटींतून वरच्या खोल्यांत येते, वास येईलच असंही नाही. म्हणून जिथे जास्त घाण निघेल तिथे तळमजल्यावर घरं किंवा पाळणाघर नको, पार्किंग किंवा हवेशीर वर्कशॉप ठेवा आणि खाली वाफ अडवणारा थर टाका. सगळी माती उपसून दुसरीकडे टाकणं हा सगळ्यात महाग उपाय, आणि खरं तर तो प्रॉब्लेम दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं आहे. सिॲटलचा गॅस कारखाना 1956 ला बंद झाला आणि 1975 ला तिथे पार्क उघडलं, लँडस्केप आर्किटेक्ट रिचर्ड हाग यांनी यंत्रांचे मनोरे तसेच ठेवले आणि माती जिवाणूंच्या मदतीने जागेवरच साफ करायचा प्रयत्न केला. तरी प्रदूषणाचं काम त्यानंतरही कित्येक वर्षं चालूच राहिलं. त्यामुळे देखरेखीचा खर्च एकदाचा नाही, दरवर्षीचा धरा.

आता माणसं. कागदावर ‘वापरात नसलेला’ पट्टा सहसा रिकामा नसतोच. प्रत्येक शटर उघडून बघा, आत कोण आहे, किती जण काम करतात, भाडं किती देतात, माल कुठल्या गाडीतून येतो. बार्सिलोनाच्या पोब्लेनोऊमध्ये जुन्या नियमाने फक्त उद्योगांना परवानगी होती पण प्रत्यक्षात चार हजारांवर घरं तिथे होतीच, 2000 साली साधारण 200 हेक्टरच्या त्या भागासाठी ‘22@’ नावाचा नवा नियम आला तेव्हा त्या घरांना मान्यता दिली गेली. नियमही सरळ होता: जास्त बांधकाम हवंय ना, मग 30 टक्के जमीन बागा, घरं आणि सार्वजनिक सोयींसाठी सोडा. असं काहीतरी तुमच्याकडे पहिल्याच कागदात हवं, कारण जमिनीचे भाव वर गेल्यावर मालक एक इंचही सोडत नाही.

आणि वाटा कशावर मोजायचा ते बारीक अक्षरातसुद्धा पक्कं करा. मुंबईच्या गिरण्यांचं उदाहरण यासाठी बघावं. 1991 च्या नियमात जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे होते, मोकळ्या जागा, परवडणारी घरं आणि मालक. 2001 च्या बदलानंतर वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीवर मोजली जाऊ लागली, गिरण्यांच्या इमारतींखालची जमीन त्यातून बाहेर, आणि शहराच्या वाट्याला येणारी जागा एकदम आटली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2006 मध्ये तो बदल कायम राहिला. एका व्याख्येत एवढी जमीन गेली!

जमीन सरकारी असेल तर लगेच लिलाव करू नका. हॅम्बुर्गच्या हाफेनसिटीत, 157 हेक्टरच्या जुन्या बंदरात, बिल्डरला आधी ठरावीक मुदतीसाठी प्लॉट राखून देतात, त्याने डिझाइन स्पर्धा घ्यायची, परवानगीची तयारी करायची आणि मग व्यवहार पूर्ण. नुसती जमीन दाबून बसणारे इथेच गळतात. परवडणारी घरंही त्याच फेजमध्ये बांधून घ्या, ‘फेज तीनमध्ये देतो’ म्हणणारा फेज दोननंतर फोन उचलत नाही.

घरं आणि कामधंदा शेजारी म्हटलं की आवाजाची भांडणं येणारच. नवीन राहायला आलेला माणूस सहा महिन्यांत जुन्या वर्कशॉपची तक्रार करतो आणि बंद पडतं ते वर्कशॉप. त्यासाठी जो नंतर येतो त्यानेच आवाज अडवायचा असा नियम ठेवा, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने 2014 मध्ये लाइव्ह म्युझिकच्या जागांसाठी तो आणला आणि लंडन शहराच्या 2021 च्या विकास आराखड्यातही (लंडन प्लॅन) तो आहे. म्हणजे डबल काचेचा खर्च नव्या इमारतीचा.

तळमजल्यावर सगळीकडे दुकानंच काढायचा मोह आवरा, तेवढं गिऱ्हाईक नसतं आणि रस्ताभर बंद शटर दिसतात. मोजक्या चौकांत दुकानं, बाकीकडे छोट्या उद्योगांचे गाळे, क्लिनिक, वाचनालय, वर्कशॉप. फक्त तळमजल्याची उंची साडेचार-पाच मीटर ठेवा, माल चढवायला मागून जागा, धूर बाहेर काढायला शाफ्ट आणि जड मशीन पेलेल असा फ्लोअर द्या, हे नंतर घालता येत नाही. कारखान्यांचे प्लॉट अवाढव्य असतात, त्यातून आरपार पायी जाता येतील अशा गल्ल्या काढा.

जुन्या शेड सगळ्या वाचवायच्या हट्टात पडू नका, पण चांगलं छप्पर आणि दणकट सांगाडा असलेल्या दोन-तीन नक्की ठेवा (ॲस्बेस्टॉसचे पत्रे आधी तज्ज्ञांकडून उतरवून घ्या, हे स्वतः करायचं काम नाही). लंडनच्या किंग्ज क्रॉसला 1852 च्या धान्यकोठारात 2011 साली कला महाविद्यालय आलं, तेव्हा आजूबाजूचं बरंच बांधकाम बाकी होतं, पण हजारो विद्यार्थी रोज यायला लागले आणि जागा जिवंत झाली. तुमच्याकडे कॉलेज नसेल तर रिकाम्या शेड तीन ते पाच वर्षांच्या कमी भाड्याच्या लीजवर कलाकारांना, छोट्या उद्योगांना द्या, मात्र मुदत संपल्यावर त्यांना त्याच पट्ट्यात कुठे आणि किती भाड्याने जागा मिळणार हे त्याच करारात लिहा.

शेवटचं म्हणजे रस्ते, चौक आणि ड्रेनेज कोणाच्या नावावर राहणार. बिल्डरकडेच ठेवायचे असतील तर दुरुस्तीचा फंड वेगळा काढून घ्या आणि चौकात कोणीही बसू शकेल, सभा घेऊ शकेल, फोटो काढू शकेल हे लेखी घ्या. महापालिकेकडे जाणार असतील तर हस्तांतराची तारीख पहिल्या इमारतीच्या ओसीशी (वापर परवान्याशी) बांधा, शेवटच्या नाही.