वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व्यायामाचे वेळापत्रक

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा आणि किमान २ दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम करावा. तासिका आणि ग्रंथालय यांत दिवसभर बसून राहणाऱ्या विद्यार्थ्यालाही हे जमू शकते.

आठवड्यातून ५ दिवस ३० मिनिटे भरभर चालावे. चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरेसा आहे. पुण्यात शिकणाऱ्यांना त्यासाठी वेताळ टेकडीसारखी दुसरी जागा नाही.

ताकदीसाठी जोर आणि बैठका घालाव्यात, कारण त्यांना ना साधने लागतात ना व्यायामशाळेची वर्गणी, आणि खोलीतली मोकळी जागाही पुरते. जोर जमत नसतील तर आधी भिंतीला हात टेकून, मग गुडघे जमिनीवर ठेवून सराव करावा आणि शरीराची ठेवण बिघडू लागली की त्या दिवशी तिथेच थांबावे. संख्या सावकाश वाढवावी.

परीक्षेच्या दिवसांत व्यायाम पूर्ण बंद न करता १० मिनिटांवर आणावा. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमात याला सर्वाधिक महत्त्व आहे, कारण एकदा तुटलेला क्रम पुन्हा लावणे फार जड जाते. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.