भोरड्यांचे थवे पाहायचेत? आदल्या संध्याकाळीच जागा हेरा

फेब्रुवारी-मार्चात पांगारा, काटेसावर फुलली की मुंबईत भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, हमखास दिसतात. रात्री त्या खाडीकाठच्या बोरूच्या उंच गवतात किंवा दाट झाडांवर एकत्र बसतात. पहाटे तिथूनच त्या थव्याने उडतात, म्हणून आदल्या दिवशी सूर्यास्ताला भांडुपसारख्या पाणथळ भागात उभं राहून थवे नेमके कुठे उतरतात ते बघून ठेवा. पहाटे अंधारात शोधत बसलात तर वेळ हुकलीच म्हणून समजा.

सूर्योदयाच्या किमान अर्धा तास आधी पोहोचा आणि बोरूत शिरू नका. पक्षी बिथरून वेळेआधीच उडतात. आधी कलकलाट वाढतो, मग तो क्षणभर थांबतो आणि एक तुकडी भुर्रकन वर येते. ‘संपलं’ समजून निघू नका, मागून आणखी तुकड्या येतात.

थव्याचा आकार पाहायचा तर पूर्वेकडे तोंड करा. काळं डोकं आणि गुलाबी पाठ पाहायची तर सूर्य वर आल्यावर तो पाठीशी घ्या. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण उत्तम. एसी गाडीतून उतरताच काचांवर बाष्प धरतं, त्यामुळे दुर्बीण दहा मिनिटं आधी बाहेर काढा. मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात याचा अंदाज घेऊन शंभराचा गठ्ठा ठरवा आणि तो थव्यावर सरकवत न्या.

डासांसाठी पूर्ण बाह्या हव्यातच.