चेनला धार लागली पण करवत वाकडी जायला लागली

चेनसॉच्या चेनला पहिल्यांदा हाताने धार लावली तेव्हा कानस नुसती पुढे-मागे खसाखस घासली आणि दाताऐवजी कानसच बोथट करून बसलो. ती फक्त पुढे ढकलतानाच कापते, म्हणून आतून बाहेर एकाच दिशेने घासायची, परत आणताना उचलायची. माझ्या चेनला ४ मिमीची गोल कानस लागते (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर, त्याप्रमाणे बदलते, मॅन्युअल बघा), दातावर जी साधारण ३० अंशाची तिरकी खूण असते तीच धरायची.

दुसऱ्यांदा धार झकास आली पण करवत लाकडात एका बाजूला वळायला लागली, मला वाटलं बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) वाकला, मग कॅलिपरने (जाडी-लांबी मोजायचं साधन) दात मोजले तर एका बाजूचे दात जवळजवळ अर्धा मिमी लांब! उलट्या बाजूने घासताना माझा जोर कमी-जास्त होतो, दुसरं काय. आता सगळ्यात आखूड दातावर मार्करने खूण करतो आणि बाकीचे त्याच्या मापाला आणतो, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

हां, दातापुढचा छोटा उंचवटा चपट्या कानसेने उतरवायचा, माझ्या चेनला दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली, जास्त उतरवला तर करवत झटके मारते. आता पिठासारखा भुसा नाही, जाड ढलप्या पडतात.