अपंग माणसानेच संस्था काढायची तर सुरुवात कुठून करायची

संस्था काढायची म्हटलं की लोक आधी नाव, लोगो, रजिस्ट्रेशन यांच्या मागे लागतात. ते होतं हो नंतर, आधी निर्णय कोण घेणार ते ठरवा. बोर्डावर आणि सभासदांत निम्म्याहून जास्त अपंग माणसं असतील हे संस्थेच्या घटनेतच लिहून टाका, तोंडी नको, कारण पैसे यायला लागले की तोंडी गोष्टी सगळे विसरतात. अपंगांची संस्था वेगळी आणि अपंगांसाठी कुणीतरी चालवलेली संस्था वेगळी, हा फरक संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनेही 2018 मध्ये स्पष्ट लिहिलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण स्वतः अपंग आहोत म्हणून आपल्याला सगळ्यांच्या अडचणी कळतात असं नसतं. मी व्हीलचेअर वापरते, पहिल्या मीटिंगला मी रॅम्प मोजला (एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते), दार मोजलं, टॉयलेट बघून आले, आणि दोन कर्णबधिर मुलं आली तर त्यांच्यासाठी खुणांच्या भाषेत सांगणारा इंटरप्रिटरच नाही! दोन तास ती आमच्या तोंडाकडे बघत बसली होती, मला अजून वाईट वाटतं त्याचं. तेव्हापासून आमंत्रणातच विचारते, यायला, बसायला, समजायला तुम्हाला काय लागेल? मीटिंग लांबणार असेल तर इंटरप्रिटर दोन घ्या, साधारण वीस मिनिटांनी आलटून पालटून, एकटा माणूस थकतो आणि मग अर्धंच पोचतं. कागदपत्रं दोन-तीन दिवस आधी पाठवा, आणि टाइप करून, फोटो काढून नको, अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडर सॉफ्टवेअरला तो नीट वाचता येत नाही. भाषा सोपी ठेवा. या सगळ्याचा खर्च पहिल्याच बजेटमध्ये धरा, मदतनीसाच्या प्रवासासकट, उरले पैसे तर बघू असं म्हटलं की ते कधीच उरत नाहीत.

भाषणाला बोलावतील, तुमची कहाणी सांगा म्हणतील. जा, पण आधीच सांगा की मी कामाबद्दल बोलणार आणि तुमच्या इमारतीत काय बदलायला हवं तेही बोलणार.

आणि स्वतःचं शरीर. दुखत असताना, ताप असताना रेटत राहायची आपल्याला सवय असते, संस्थेत ते चालवू नका. अमेरिकेतले अपंग हक्क कार्यकर्ते एड रॉबर्ट्स पोलिओनंतर रात्री आयर्न लंगमध्ये (श्वास चालू ठेवणाऱ्या मोठ्या यंत्रात) झोपायचे, तरी बर्कलीचं 1972 मध्ये सुरू झालेलं सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग (अपंगांना स्वतंत्रपणे जगायला मदत करणारी अपंगांचीच संस्था) त्यांनी चालवलं, ते मदतनीस आणि सहकारी घेऊनच. म्हणून सह्या, पासवर्ड, देणगीदारांचे नंबर कमीत कमी दोघांकडे हवेत, आणि तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर काय काय थांबेल याची यादी आजच करा.

अध्यक्षपदाला मुदत घाला, स्वतःच्यासुद्धा. पुढचा माणूस वेगळ्या अपंगत्वाचा असेल तर उत्तमच, फक्त त्याला वर्षभर आधीपासून हिशोब, अर्ज, देणगीदारांशी बोलणं हे हातात द्या, नुसतं शेजारी बसवू नका.