सर्व्हरच्या भंगारातला सप्लाय घरच्या 12 व्होल्टच्या कामाला

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास जुन्या सर्व्हरमधून काढलेले पॉवर सप्लाय शोधले तर मिळतात, त्यातला एचपीचा 460 वॅटचा कॉमन स्लॉटवाला (एचपीच्या बऱ्याच सर्व्हरमध्ये एकाच मापाचा बसणारा) दिसला तर उचलाच, 12 व्होल्टला साधारण 38 अँपिअर देतो आणि करंट ओढला तरी व्होल्टेज हलत नाही. ड्रोनच्या बॅटऱ्यांचा चार्जर, गणपतीच्या मखराची एलईडी पट्टी, सगळ्याला चालतो. 5050 ची (5 बाय 5 मिमीच्या एलईडीची) 5 मीटरची पट्टी, मीटरला 60 एलईडीवाली, जवळपास 6 अँपिअर खाते, म्हणजे चार रोल लावले तरी बराच जीव उरतो.

नुसती मेन्सची वायर लावून हा चालू होत नाही, तो सर्व्हरच्या इशाऱ्याची वाट बघत बसतो. मागे सोनेरी पट्ट्यांचा बोर्ड बाहेर आलेला असतो, त्याच्या एका बाजूला टोकाशी सहा बारीक पट्ट्या दिसतील, त्यातली अगदी कडेची ती 33 नंबर आणि तिला पहिली धरून मोजली तर चौथी, जरा आखूड, ती 36. या दोघींच्या मध्ये 1 किलोओहमचा रेझिस्टर डागायचा, झालं, सप्लाय उठतो. दुसरं मॉडेल असेल तर पिना वेगळ्या असतात, आधी लेबल वाचून त्याच मॉडेलची माहिती काढा.

रुंद पट्ट्यांवर प्लस-मायनस मल्टिमीटरने तपासा, अंदाजाने वायर लावू नका. आणि डाग द्यायला 25 वॅटची सोल्डरिंग आयर्न घेऊन बसाल तर तासभर बसाल, तांबं इतकं जाड आहे की सगळी उष्णता तेच पिऊन टाकतं, 60 वॅटच्या वरची घ्या. माझा पहिला डाग वरून चकचकीत दिसत होता पण आत धरलाच नव्हता, 15 अँपिअरला तिथून धूर आला. वायर 4 स्क्वेअर एमएमची घ्या, आणि प्रत्येक फाट्याला गाडीचा ब्लेड फ्यूज टाकाच, कारण शॉर्ट झालं तर सप्लाय 38 अँपिअरपर्यंत ढकलत राहणार आणि बारीक वायर तेवढ्यात लाल होते. काम करताना अंगठी, कडं काढून ठेवा.

डबा उघडू नका, आत कपॅसिटरवर 400 व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात.

24 व्होल्टसाठी दोन सप्लाय सिरीजमध्ये लावायचा मोह होईल, पण याचा मायनस बॉडीला म्हणजे अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे दोघांचं अर्थिंग एक झालं की एक सप्लाय सरळ शॉर्ट होतो, मग लोक अर्थिंगची पिनच कापतात, तसं अजिबात करू नका, बॉडीला हात लागला आणि आत काही बिघडलं असलं तर जीव जाईल, त्यापेक्षा 24 व्होल्टचा साधा एसएमपीएस (तयार स्विचिंग पॉवर सप्लाय) घ्या.