घरचे फोटोकाम: फुकटात कुठवर भागते, पैसे कुठे मोजावेत

कुठलेही सॉफ्टवेअर पसंत करण्याआधी त्यात एक शब्द टाइप करा: चिक्कोडी. पहिली वेलांटी 'च'च्या आधी बसली आणि दोन 'क' जोडले गेले, तर पुढे जायला हरकत नाही. मग संकेश्वर लिहा आणि 'श्व' जुळतो का पाहा. हेच शब्द कन्नडातही लिहा. तिथे ओत्तक्षर (जोडाक्षरातले दुसरे अक्षर) मूळ अक्षराच्या खाली, जागेवर बसले पाहिजे. वास्तुशांतीची पत्रिका मराठीत आणि बैलहोंगल-गोकाककडच्या पाहुण्यांसाठी तीच कन्नडात, हे आपल्या सीमाभागात नेहमीचेच. बहुतेक तुलनांमध्ये ही कसोटीच नसते, आणि आपले घोडे नेमके इथेच पेंड खाते.

गिम्प हे फोटो संपादनाचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि नोटोसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये देवनागरी-कन्नड दोन्ही नीट मांडते. फोटोशॉपलाही हे जमते, पण जुन्या आवृत्त्यांत आधी प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडावे लागते. ते न केल्यास वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरे फुटतात आणि लोक फॉन्टला दोष देत बसतात. आधीच लिहिलेला मजकूर सेटिंग बदलल्यावरही तसाच राहिला, तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत त्याचा कंपोझरही (ओळी मांडणारी पद्धत) 'वर्ल्ड-रेडी' करा. डीटीपीवाल्याने श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये करून दिलेला मजकूर मात्र दोन्हीकडे चिकटवला की अगम्य चिन्हेच दिसतात. तो युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर सरळ नव्याने टाइप करा.

पेंट डॉट नेट हलके आणि चटकन उघडणारे, पण फक्त विंडोजवर. मजकूर लिहून दुसरीकडे क्लिक केले की त्याचे चित्र होते, नंतर एक काना सुधारता येत नाही. पत्रिकेसाठी म्हणून ते नकोच. कुणी फोटोशॉपची पीएसडी फाइल पाठवली आणि एकदाच उघडायची आहे, तर ब्राउझरमधले फोटोपी पुरते. जाहिराती दिसतात, पण फाइल आपल्याच मशीनवर राहते. अॅफिनिटी 2025 च्या अखेरीपासून कॅनव्हाच्या खात्यावर मोफत मिळते, त्यातली एआयची साधने तेवढी पैसे देणाऱ्यांना. चिक्कोडीची चाचणी तिथेही घ्याच.

जुन्या फोटोंसाठी सॉफ्टवेअरपेक्षा स्कॅनिंग महत्त्वाचे. खानापूरकडच्या पावसात भिंतीवरच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटतो. तो ओढून काढू नका, चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. मागची फळी काढा आणि काचेसकट स्कॅन करा. ऑल-इन-वन प्रिंटरचे स्कॅनर बहुधा काचेला अगदी टेकलेलेच स्पष्ट टिपतात. मध्ये फ्रेमची जाड काच आली की फोटो धूसर येतो. तसे झाले तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, चकाकी टाळत मोबाइलने टिपा. सुटा 4×6 इंची फोटो 600 डीपीआयला (दर इंचाला ठिपके) स्कॅन केला की 2400×3600 पिक्सेल मिळतात, म्हणजे 300 डीपीआयने 8×12 इंची प्रिंट निघते. याहून वर गेलात तर कागदाचा पोतच मोठा दिसतो.

मग गिम्पमध्ये कलर्स, लेव्हल्स, ऑटो. लालसर पडलेला फोटो बऱ्याचदा एवढ्यानेच सावरतो. साड्या हिरवट दिसू लागल्या तर ते रद्द करा आणि लाल, हिरवा, निळा असे एकेक चॅनेल निवडून काळा-पांढरा त्रिकोण आलेखाच्या टोकांपर्यंत आणा. बुरशीच्या ठिपक्यांसाठी हील टूल घ्या: कंट्रोल दाबून शेजारच्या स्वच्छ जागेवर क्लिक, मग ठिपक्यावर. ब्रश ठिपक्याहून जरासाच मोठा ठेवा. डोळ्यांच्या कडेला आणि कुंकवाजवळ हील रंग पसरवते, तिथे क्लोन टूल घ्या.

पासपोर्ट साइझसाठी पैसे देऊन सॉफ्टवेअर घेणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी. क्रॉप टूलमध्ये प्रमाण 35:45 ठरवा, मग स्केल इमेजमध्ये 413×531 पिक्सेल, 300 डीपीआय. 1800×1200 च्या (6×4 इंची) कोऱ्या पानावर असे आठ बसतात. लॅबचे मशीन कडा थोड्या कापते, तेव्हा शिल्लक जागा चारही बाजूंना वाटा. ऑनलाइन अर्जाला 50 केबी हवे असतील तर एक्सपोर्ट करताना प्रीव्ह्यू चालू ठेवा. क्वालिटी खाली आणाल तसा आकार समोर दिसतो. क्वालिटी 70 च्या खाली न्यावी लागत असेल तर आधी पिक्सेल कमी करा. मूळ काम एक्ससीएफमध्येच (गिम्पच्या स्वतःच्या फाइलमध्ये) सेव्ह करा, जेपीजी दर वेळी सेव्ह केली की थोडी बिघडते.

पैसे कधी मोजावेत? मोकळ्या केसांभोवतीची पार्श्वभूमी वारंवार कापायची असेल, यात्रेच्या गर्दीतून नको ती माणसे सारखी काढायची असतील, तर फोटोशॉपमधली सिलेक्शनची साधने आणि रिमूव्ह टूल वेळ वाचवतात. त्यासाठी 16 जीबी रॅम असलेली बरी. 8 वर ते कण्हत चालते. भाड्याचा करार नको असेल तर फोटोशॉप एलिमेंट्स एकरकमी मिळते, पण 2025 च्या आवृत्तीपासून परवाना तीनच वर्षांचा आहे.

पेनड्राइव्हवरून मिळणारा क्रॅक, म्हणजे चोरीची आवृत्ती, अँटिव्हायरस बंद करायला लावतो. त्याच मशीनवर बँकेचे काम करता ना? आणि फोटोशॉपची वर्गणी घेताना 'वार्षिक, मासिक हप्ता' ही ओळ नीट वाचा: तो वर्षाचाच करार असतो, मुदतीआधी सोडलात तर शुल्क पडते. चाचणीसाठी कार्ड दिले असेल तर ती संपण्याआधीच रद्द करा, नाहीतर पहिला हप्ता आपोआप कापला जातो.